काम बदललं, ताट तेच राहिलं

मोरा हे उरणचं जुनं बंदर. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की पाऊण-एक तासात मोऱ्याला लागते. मोठ्या ओहोटीला गाळ उघडा पडतो, तेव्हा भरतीची वाट पाहण्याशिवाय इलाज नसतो. बंदराला लागून कोळीवाडा, पाठीमागे उरण शहर आणि आसपास आगरी गावं. इथल्या घरातलं रोजचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, भात, लसूण-चिंचेवर केलेलं माशाचं कालवण, जोडीला एखादा तळलेला तुकडा, नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी. या ताटात नाव ठेवण्यासारखं काही नाही. कित्येक पिढ्या त्यावर काटक राहिल्या.

मग याच ताटावर वाढलेल्या माणसाचं पोट पस्तिशी-चाळिशीत पुढे का येतं? त्याला एखादा पदार्थ जबाबदार असेल असं समजून आपण कधी भाताला धरतो, कधी खोबऱ्याला, कधी बटाट्याला. उत्तर ताटाबाहेर आहे. ते कामात आहे.

डोल जाळं हाताने ओढणारा, शिडाची होडी वल्हवणारा कोळी, मिठागरात उन्हातान्हात फावडं मारणारा आगरी, खारपाटातल्या शेतात चिखलणी आणि लावणी करणारी बाई, डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी कोळीण. या सगळ्यांचं जेवण त्यांच्या कष्टाच्या मापाने ठरलेलं होतं. पुढे होड्यांना इंजिनं आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी शेतजमिनी गेल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. भाताच्या खाचरांच्या जागी कंटेनर यार्ड उभी राहिली आणि शेतकऱ्याचा मुलगा ट्रेलर चालवू लागला, क्रेनच्या केबिनमध्ये बसू लागला, गेटवर पावत्या तपासू लागला, पाळीची ड्युटी करू लागला. ताट मात्र आजोबांच्याच मापाने वाढलं जात राहिलं.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यात पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये काढलेल्या तक्त्यानुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठं काम असेल तर दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी लागतात आणि अंगमेहनतीचं जड काम असेल तर ३४७०. मधला फरक १३६० किलोकॅलरींचा. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका तांदळाच्या भाकरीत साधारण १७५ किलोकॅलरी धरल्या, तर हा फरक सात-आठ भाकऱ्यांचा होतो. ५५ किलोच्या बाईसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. आजोबांना जेवढी भाकरी लागत होती तेवढी नातवाला लागत नाही, आणि यात नातवाचा आळस नाही. त्याच्या रोजगाराची जातच बदलली.

हे आधी सांगण्याचं कारण असं की वजन वाढलेल्या माणसाला आपल्याकडे पहिली गोष्ट मिळते ती बोलणी. ‘तोंडावर ताबा नाही’ हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणाचं डाएट सुरू होत नाही. त्या अपराधी भावनेतून माणूस काहीतरी टोकाचं करतो आणि टोकाचं केलेलं टिकत नाही.

आता आपल्या शरीराची एक खास गोष्ट, जी पुण्याने जगाला दाखवून दिली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटासा मजकूर छापला. सोबत दोघांचे शेजारी-शेजारी फोटो. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखेच दिसत होते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यातही हेच पुढे आलं. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूप हलकी; स्नायूंनी कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. वरून बारीक, आतून मेदाळ.

म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषा अलीकडे आणलेली आहे. युरोपात बीएमआय २५ च्या पुढे जास्त वजन मानतात; भारतीयांसाठी ती पायरी २३ आहे आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो. त्याहून उपयोगी माप कमरेचं. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज निघाला आणि पोटाभोवतीची चरबी जवळपास ४० टक्के प्रौढांत आढळली. शिवणाच्या डब्यातली टेप काढून घरातल्या सगळ्यांची कंबर मोजायला दहा मिनिटं लागतात. वजनकाटा रोज पाहून जीव खालीवर करण्यापेक्षा महिन्यातून एकदा ही टेप बरी.

काटा फसवतो, आणि सगळ्यात जास्त पहिल्या आठवड्यात. भात-भाकरी एकदम बंद केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरलं जातं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही बाहेर पडतं. दोन-तीन किलो उतरल्याचा आनंद होतो, व्हॉट्सअॅपवर फोटो जातो. उतरलेलं बरंचसं पाणीच असतं. हळदीच्या रात्री मटण आणि वडे झाले की ते सकाळी परत हजर, आणि माणसाला वाटतं की एका जेवणाने सगळी मेहनत वाया गेली. तसं काही झालेलं नसतं. पण बहुतेकांचं डाएट नेमकं त्या सकाळी सुटतं.

खरी अडचण पुढे आहे. चरबी कमी होऊ लागली की शरीर ती संकटाची खूण समजतं. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाची भूक त्याला रोज ५०० किलोकॅलरी जास्त खायला ढकलत असते. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं गेलं; वर्ष उलटल्यावरही त्यांची भुकेची संप्रेरकं मूळ जागी आलेली नव्हती. टीव्हीवरच्या ‘बिगेस्ट लूजर’ स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तेव्हा उतरवलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले होते आणि आराम करतानाचा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिला होता.

हे वाचून हात टेकायचे नाहीत. यातून कळतं ते एवढंच की भूक हा स्वभावदोष नाही, आणि जे डाएट भुकेशी रोज कुस्ती खेळायला लावतं ते कधी ना कधी हरतं. पोट भरूनही ऊर्जा थोडी कमी जाईल असं ताट शोधणं, हाच टिकणारा मार्ग.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद येतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात: दिवसात दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. ऋजुता दिवेकर याच्या उलट, थोड्या थोड्या वेळाने, आपल्या मातीतलं आणि हंगामातलं खा म्हणतात. तूप-भाताला घाबरू नका म्हणतात. दोन्हीकडे वजन उतरलेले लोक आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. दीक्षितांच्या पद्धतीत मधले चहा-बिस्कीट, फरसाण, येता-जाता तोंडात टाकलेलं सगळं आपोआप बंद होतं. दिवेकरांच्या पद्धतीत पाकिटातलं खाणं जातं आणि खा-खा सुटण्याइतकी भूक साठत नाही. दोन्ही वाटा शेवटी कमी ऊर्जेकडे जातात. चीनमधल्या ग्वांगझो इथे १३९ लोकांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने ठरावीक आठ तासांतच खाल्लं, दुसऱ्याने तेवढंच कमी पण दिवसभरात. वजनात लक्षणीय फरक पडला नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर कमी चरबी विरुद्ध कमी पिष्ट अशी तुलना झाली. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी ५.३ आणि दुसऱ्याचं ६ किलो उतरलं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने सारखंच.

माझं मत विचाराल तर दोन जेवणं ज्याला जमतात, पाळीची ड्युटी असूनही जमतात, त्याने ती खुशाल पाळावीत. ज्याचं डोकं दुपारी चारला दुखतं आणि रात्री भुकेने ताटावर तुटून पडणं होतं, त्याने तो नाद सोडावा. निवडीची कसोटी एकच: हे खाणं तुम्ही पुढच्या तीन वर्षांतले गणपती, नारळी पौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार आणि घरातलं एक लग्न धरून चालवू शकाल का? उत्तर नाही असेल तर पहिला दिवसही सुरू करू नका.

आता मोऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊ. इथे टिकाऊ आहाराचा सगळ्यात महाग भाग आधीच स्वस्तात उपलब्ध आहे: प्रथिनं. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू झिजण्याला आळा बसतो. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर उतरलेल्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. आधीच कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या आपल्यासारख्यांना हा तोटा परवडणारा नाही. शहरातला माणूस यासाठी प्रथिनांच्या पावडरीचे डबे आणतो. कोळीवाड्यात ताजे बोंबील, मांदेली, कोळंबी, बोईट आहेत. खाडीच्या चिखलातली निवटी आणि चिंबोरी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वलांडीवर सुकवलेले बोंबील आणि जवळा आहे. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. मिठात खारवलेल्या माशाबाबत मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा.

ताज्या बोंबलाचंच पाहा. त्यात बहुतांश पाणी, म्हणून ऊर्जा अगदी कमी. तोच चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून पाणी काढलं, रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवला आणि तव्यावर तेलाच्या डबक्यात सोडला, की पीठ तेल पितं. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० किलोकॅलरी असतात. बोंबील तळताना असे किती चमचे तव्यात जातात ते आपण मोजत नाही, कारण बाटली थेट तव्यावर वाकडी होते. कालवणात टाकलेला बोंबील आणि कुरकुरीत तळलेला बोंबील हे ऊर्जेच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. तळलेला बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही. रविवारी तळा, एरवी कालवण, आंबट किंवा भुजणं करा.

भाताचं तसंच. कोकण किनाऱ्यावर भात बंद करायला सांगणारं डाएट म्हणजे माणसाला घराबाहेर काढण्यासारखं आहे. भात ठेवा, पण एका जेवणात भात नाहीतर भाकरी, दोन्ही नको. ताटात आधी मासा किंवा डाळ आणि भाजी वाढून घ्या, भात शेवटी. माशांच्या घरात भाजी मागे पडते, ही खरी उणीव आहे. पोषण संस्थेच्या २०२४ च्या थाळीत दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आहे आणि धान्य २५०. आपल्याकडे हे प्रमाण नेमकं उलटं होऊन बसलं आहे. पावसाळ्यात उरणच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, शेवळं, कुरडू घेऊन बसतात. ती भाजी जवळा घालून केली की पोरंही खातात.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. हॉल यांच्याच गणिताप्रमाणे, रोजच्या आहारातून कायमची २४ किलोकॅलरी कमी केली तर सरासरी प्रौढाचं वजन कालांतराने एक किलोने उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं पुढच्या दोन वर्षांत. रात्रीची एक भाकरी आणि दिवसभरातल्या चहातली दोन चमचे साखर गेली तर २१५ किलोकॅलरी कमी झाल्या, म्हणजे तीनेक वर्षांत नऊ किलोंच्या आसपास. महिन्याला अर्धा किलो उतरणंही सुरुवातीलाच, पुढे त्याहून हळू. कोणी त्याची जाहिरात करणार नाही, पण वजन परत येण्याचा धोका यात सगळ्यात कमी, कारण घरातलं काहीच परकं झालेलं नसतं.

उपासाने वजन उतरतं ही समजूतही तपासून घ्यावी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप पडलं की ती वाटी रोजच्या जेवणाहून जड होते. श्रद्धेने उपास करा, फक्त त्याला डाएट समजू नका.

व्यायामाबद्दल थोडक्यात. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. उतरलेलं राखायला मात्र चालण्यासारखं औषध नाही. शिवाय वजन न उतरताही फायदा होतो. डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या चेन्नईतल्या २००६ च्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांपैकी ज्यांनी आहार आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर द्या: उठाबशा, जोर, पाण्याची कळशी उचलणं. चाळिशीनंतर बायांनी तर हे टाळूच नये.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. ती भुकेवरच काम करतात आणि परिणामकारक आहेत. ज्यांचा लठ्ठपणा आजाराच्या पातळीला गेला आहे त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं, त्यात कमीपणा नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं. ताट बदलण्याचं काम इंजेक्शनवाल्यालाही चुकत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्या; नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, कधी जिवावरही बेततं.

राहिला प्रश्न घरातल्या बाईचा. डाएट बहुतेकदा नवऱ्याचं असतं आणि राबणं बायकोचं. त्याच्यासाठी वेगळं, पोरांसाठी वेगळं, सासूबाईंना मऊ, आणि शेवटी पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ती स्वतः खाते. असं डाएट महिनाभर चालतं. बदल करायचा तर तो एकाच्या ताटात नको, सगळ्यांच्या पातेल्यात हवा. आणि बाईने शेवटी नव्हे, सगळ्यांबरोबर ताजं जेवायला बसायला हवं.

सुरुवात तेलापासून करा, कारण ते मोजायला सगळ्यात सोपं. पोषण संस्थेच्या थाळीत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो, तूप-लोणी धरून. पुढच्या वेळी तेलाचा डबा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा, आणि तो कधी संपतो ते पाहा.